प्रेमलाबाईंचं मित्रराष्ट्र

प्रेमलाबाई वाईट स्वयंपाक करतात असं मी कधीही म्हटलेलं नाही. तिखट करतात, एवढंच म्हटलं होतं, आणि तेही पहिल्याच दिवशी. त्यावर त्यांनी माझ्यासमोरची रश्श्याची वाटी उचलली, साध्या वरणाची ठेवली आणि म्हणाल्या, "पुण्याचे दिसता." मी नारायण पेठेत जन्मलो आणि तिथेच म्हातारा झालो, तेव्हा नाकारण्यासारखं काही नव्हतं. तेव्हापासून दुपारी मी त्यांच्याकडेच जेवतो. बायको गेल्यावर काही दिवस स्वतः कुकर लावून पाहिला होता. एकट्यापुरता कुकर लावणं हे अतिशय उदास काम आहे, ज्याने लावलाय त्याला विचारा.

मी बापूराव. एका वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्यांचं पान सांभाळण्यात माझी नोकरी संपली. इंग्रजीतून आलेल्या तारा मराठीत करायच्या आणि गरज पडली तर विनास्वाक्षरीचा अग्रलेख लिहायचा. अमक्या देशाने संयम राखावा, तमक्याने सावध पवित्रा घ्यावा, असा सल्ला मी पेठेत बसून निम्म्या जगाला दिलेला आहे. कोणी ऐकला असेल असं वाटत नाही.

प्रेमलाबाई मूळच्या आर्वीकडच्या. नवऱ्याला, म्हणजे रामदासला, भोसरीच्या एका कारखान्यात काम लागलं म्हणून दोघं पुण्याला आली. मूलबाळ झालं नाही. पेठेतल्या एका इमारतीत, पार्किंगच्या मागे, दोन खोल्या भाड्याने मिळाल्या आणि तिथे बाईंनी मेस सुरू केली. पुण्यात इतकी वर्षं राहून त्यांची भाषा बरीचशी इथली झालीय, पण मनाला लागलं की वऱ्हाडी वर येते. मी ती सुधारायला जात नाही.

त्यांच्या मेसचा एक नियम होता, तो सगळ्याच मेसचा असतो. ज्याला जेवायला यायचं नाही त्याने आदल्या दिवशी सांगायचं. त्याला खाडा म्हणतात. खाडा सांगितला की तेवढी कणीक कमी भिजते. बाईंची सवय अशी की वाढता वाढता मोठ्याने सांगायचं, "आज ऋषीचा खाडा आहे, भात जास्तीचा उरते, घ्या रे कोणी." त्यात कोणाचं काही लपवण्यासारखं नव्हतं. कोण गावाला गेलं, कोणाला ताप आलाय, कोणाची परीक्षा आहे, हे सगळं भाताबरोबर सगळ्यांच्या ताटात पडायचं.

बाईंची मेस भरायची ती परदेशी पोरांनी. सगळी एकाच देशातली. त्या देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. समुद्रापलीकडचा लहानसा देश आहे एवढं पुरे. आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर ही पोरं इथे शिकायला येतात. पेठेत त्यांना कोणी खोली देत नाही, म्हणून राहायची धायरीला, कॉलेज इकडे आणि दुपारचं जेवण बाईंकडे. त्यांची नावं बाईंच्या जिभेला वळेनात, तेव्हा त्यांनी सरळ आपली ठेवली. सूरज, ऋषी, असं. एका मुलीच्या नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत दिव्यांशी काहीतरी निगडित होता, तिला दीपमाला केलं. पोरांनीही तक्रार केली नाही. ती बाईंना मावशी म्हणत आणि हात पुसायला त्यांच्या पदरापर्यंत जात. मूल नसलेल्या बाईला आणखी काय हवं असतं? मला तरी माहीत नाही.

या सगळ्यांना मेसमध्ये आणलं अभयने. हेही बाईंनीच ठेवलेलं नाव. तो या पोरांपेक्षा वयाने बराच मोठा, त्यांच्या विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष, आणि त्याची पीएचडी कधी संपेल हे विचारणं असभ्यपणाचं झालेलं. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, जेवताना फोन पालथा. कोरोनात पोरं खोल्यांमध्ये अडकली तेव्हा त्याने कुठून कुठून सिलिंडर आणले, धान्य आणलं आणि सगळ्यांचे डबे बाईंकडूनच जातील हे पाहिलं. नाहीतर मेस तेव्हाच बंद पडली असती. दुसऱ्या लाटेत रामदास गेला. इमारतीतलं कोणी खाली उतरलं नाही. हा परका माणूस प्लॅस्टिकचा झगा चढवून शववाहिकेबरोबर वैकुंठ स्मशानभूमीत गेला, अस्थी घेऊन आला आणि त्यानंतर पंधरवडाभर रोज सकाळी येऊन बाईंना चहा करून देत होता.

अभय त्यांच्या वकिलातीचा माणूस आहे, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. परदेशी पान सांभाळलेल्या माणसाला तेवढं नाक असतं. कोण काय बोलतं, कोण काय वाचतं, हे तो दिल्लीला कळवतो, असं मी बाईंना एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मोठा भाऊ लक्ष ठेवतेच की." पुढे काही बोलण्यात अर्थ नव्हता. भाजी मात्र त्या दिवशी मला कमी आली.

आता त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल. आपलं सरकार त्याला मित्र म्हणतं आणि ते उगाच म्हणत नाही. आपल्या शत्रूंना त्याने स्वतःच्या किनाऱ्यावर पाय ठेवू दिला नाही. आपल्याकडून पळालेले बंडखोर त्याने हात बांधून परत पाठवले. त्याचं बंदर आपण बांधून दिलं आणि आपली जहाजं तिथे हक्काने उभी राहतात. लोकांनी त्याला शेवटचं खरोखर निवडून कधी दिलं हे लोकांनाही आठवत नव्हतं, पण तो आपल्या यादीतला विषय नव्हता.

गेल्या वर्षी श्रावणात तिथे पेट्रोल महागलं म्हणून विद्यापीठातली पोरं रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. मग त्यांचे आईबाप रस्त्यावर आले. आपल्या प्रवक्त्याने सांगितलं की हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे आणि आम्ही परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहोत. हे वाक्य मी हयातभर इतक्या देशांसाठी मराठीत केलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवेन.

मेसमधली बडबड थांबली. पोरं फोनवर गोळीबाराची चित्रं बघायची आणि अभय आत आला की फोन खिशात घालायची. एका दुपारी तो नव्हता तेव्हा दीपमाला माझ्यासमोर येऊन बसली. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील तिकडे शाळेत शिक्षक. तिचं मराठी हिंदीच्या आधाराने चालायचं, मी ते इथे जरा सरळ करून लिहितो.

"काका, तुम्ही पेपरात होता. तुमचा देश काही का बोलत नाही?"

मी तिला समजावलं. म्हटलं, आज आम्ही एक शब्द बोललो आणि तुमचा माणूस टिकला, तर उद्या तो बंदर दुसऱ्याला देईल, आणि तो दुसरा आमच्या उरावर येऊन बसेल. नाही बोललो आणि तो पडला, तर नवे लोक म्हणतील, गोळ्या झाडल्या तेव्हा तुम्ही कुठे होता? दिल्लीत बसलेली माणसं मूर्ख नाहीत. त्यांना दोन्ही बाजूंनी नुकसान दिसतं आणि त्यातलं लांबचं नुकसान ती निवडतात.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमच्यासाठी लढा असं कुठे म्हणतेय मी? फक्त गोळ्या घालू नका एवढं त्याला सांगा. मित्र आहे ना तुमचा? एवढं सांगायला काय लागतं?"

"बंदर सोडायची तयारी लागते," मी म्हटलं. मला ते उत्तर त्या वेळी चांगलं वाटलं होतं. ती उठून ताट धुवायला गेली.

त्या आठवड्यात दीपमाला, सूरज, ऋषी आणि आणखी एक मुलगा अशी चौघं दिल्लीला गेली. वकिलातीसमोर त्यांच्या देशातली मुलं ठिकठिकाणहून जमणार होती. तोंडाला फडकी बांधून उभं राहायचं, घोषणा द्यायच्या आणि गाडी पकडून परत यायचं, असा बेत होता. कोणाला काही कळू द्यायचं नाही हे त्यांनी आपसात ठरवलं होतं. पण शिस्तीची पोरं. निघण्याआधी मावशीला खाडा सांगितला. बाईंनी कुठे जाता विचारलं तेव्हा दिल्लीला, वकिलातीत काम आहे, एवढं सांगितलं. बाईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

त्या दुपारी मी नेमका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. झालं ते बाईंनीच मला नंतर सांगितलं. अभय जेवायला आला. बाईंनी नेहमीसारखं वाढता वाढता सांगितलं, "आज चौघांचा खाडा आहे. दीपमाला, सूरज, ऋषी आणि तो चष्मेवाला. दिल्लीला गेले तुमच्या वकिलातीत. तूच पाठवले ना? पोळ्या उरतीन, घे आणखी." अभयने दोन पोळ्या जास्तीच्या घेतल्या. भाजीचं कौतुक केलं. हात धुऊन निघून गेला.

चौघं परत आली तेव्हा खुशीत होती. चेहरे कोणाचे दिसले नव्हते. मग एका दुपारी दीपमालाला आईचा फोन आला. मी तिथेच जेवत होतो. तिच्या हातातला घास तसाच राहिला. वडिलांना शाळेतून उचलून नेलं होतं. नेणाऱ्यांनी सांगितलं होतं की तुमची मुलगी परदेशात देशाची बदनामी करते आहे. चौघांचीही नावं त्यांच्याकडे होती. फक्त चौघांचीच.

आमच्यापैकी कोणीतरी फुटलंय, असं पोरांनी काढलं. काढणारच, दुसरं काय काढतील? संशय गेला सूरजवर, कारण तो सगळ्यांत धाकटा, गरिबाघरचा, आणि वकिलातीहून परतीच्या वाटेवर काही वेळ एकटा मागे राहिला होता. चपलेचा अंगठा तुटला म्हणून राहिलो, असं तो सांगत होता. धायरीच्या खोलीतून त्यांनी त्याची बॅग बाहेर काढली. मेसमध्ये तो बसला की बाकीचे उठून दुसऱ्या टेबलाला जायचे. तो खाली मान घालून जेवायचा, आणि जेवत नव्हताच खरं तर, भात चिवडायचा.

एका संध्याकाळी प्रेमलाबाई माझ्या घरी आल्या. इतक्या वर्षांत त्या कधी माझ्या घरी आलेल्या नव्हत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. दाराजवळ उभं राहूनच म्हणाल्या, "बापूराव, सूरजनं नाही सांगतलं. मीच सांगतलं." आणि सगळं सांगितलं.

"अभयला विचारलंत?" मी म्हटलं.

"केला ना फोन. तो म्हणे, मावशी, मले जे करा लागते ते करा लागते. माझे मायबाप बी तिकडंच हायेत." मग म्हणाल्या, "रडत होता जी फोनवर."

मी त्यांना खुर्चीत बसवलंच. पाणी दिलं. आणि सल्ला दिला, जो मी आयुष्यभर देत आलोय. म्हटलं, गप्प राहा. आत्ता सांगून दीपमालाचे वडील सुटणार नाहीत. पोरं तुम्हाला सोडून जातील, अभय तुमच्यावर उलटेल, आणि तिकडे राष्ट्राध्यक्ष राहतो की जातो तेही कळलेलं नाही. जरा थांबा. काय होतं ते बघा, मग ठरवा.

"आणि तंवर सूरजचं काय करायचं?"

"तरुण आहे. निभावेल."

प्रेमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, माझी कीव आली असावी, आणि ते मला अजून खुपतं. "तुम्ही लई शिकले बापूराव," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या घरी जेवाले कोणी येत नाही." आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी जेवायला बसल्यावर त्या पदराला हात पुसत मधोमध उभ्या राहिल्या आणि सांगितलं. रडल्या नाहीत, माफीही मागितली नाही. नावं मी सांगितली, कोणाला सांगितली, कशी सांगितली, सूरजचा यात संबंध नाही. बस. पुढे म्हणाल्या, "दीपमाला, तुझ्या बापाले माझ्यामुळं नेलं."

दीपमाला उठली, हात धुतले, बाईंच्या अगदी जवळून गेली आणि बाहेर पडली. मग बाकीचे. ऋषीने सूरजच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं बरोबर बाहेर गेले. त्याला त्यांनी परत घेतलं होतं. दाराशी सूरज थांबला, मागे वळून पाहिलं, पण ऋषीचा हात खांद्यावर होता तेव्हा तोही गेला. त्यानंतर त्यांच्यातलं कोणीही मेसवर आलं नाही.

अभय त्या फोननंतरच यायचा बंद झाला होता. आता तर नजर ठेवायला पोरंही उरली नव्हती, मग येऊन करतो काय?

राहिलो मी. मोकळ्या टेबलांमध्ये एकटा जेवणारा म्हातारा आणि समोर वाढणाऱ्या बाई. अंदाज चुकून त्यांची कणीक जास्त भिजायची. उरलेल्या पोळ्या त्या संध्याकाळी नदीकाठच्या कुत्र्यांना घालून यायच्या. मी बोलायचा प्रयत्न करायचो. त्या तिकडच्या बातम्या विचारायच्या आणि मी सांगायचो: आज इतके मेले, आज संचारबंदी, आज सैन्य बराकीतून बाहेर पडलं. त्या प्रत्येक वेळी एकच विचारायच्या, "मास्तरले सोडलं का?" एका शाळामास्तरची बातमी कुठलं वर्तमानपत्र छापतंय? मी म्हणायचो, कळलं की सांगतो. रात्री अंथरुणात पडल्यावर मला दीपमालाचं ते वाक्य आठवायचं, एवढं सांगायला काय लागतं. आपण फार एकटे आहोत असं मला त्या दिवसांत वाटायचं, आणि बाई माझ्याहून जास्त एकट्या आहेत हेही दिसायचं. पण दोन एकटी माणसं समोरासमोर बसली म्हणून काही सोबत होत नाही.

मग तो पडला. सैन्याने गोळी चालवायला नकार दिला आणि राष्ट्राध्यक्ष विमानात बसून निघाला. त्याचं विमान उतरलं आपल्याकडे. आपलं सरकार पुन्हा पेचात. मित्राला दारातून परत धाडलं तर बाकीचे मित्र बघतात की वेळ आली तर आपलंही हेच होणार. ठेवून घेतलं तर ज्यांनी त्याला हाकललं ते बघतात, आणि उद्यापासून राज्य त्यांचं. दिल्लीने दोन्ही केलं. पाहुण्याला एका बंगल्यात ठेवलं, किती दिवस ते सांगितलं नाही, आणि तिकडच्या नव्या लोकांना त्यांच्या ऐतिहासिक विजयाबद्दल शुभेच्छा पाठवल्या. मी हे बाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "त्यायचं बरं हाये."

वकिलातीतली माणसं बदलली. अभयची शिष्यवृत्ती गेली, पासपोर्ट रद्द झाला. त्याने कोणाकोणाची नावं कळवली होती ती सगळी बाहेर आली आणि त्याच्या देशातली पोरं पुण्यात त्याला शोधत फिरू लागली. खोलीच्या मालकाने कुलूप बदललं. तो लोणी काळभोरला कोणाच्या तरी शेतघरात लपलाय असं मी ऐकलं होतं.

एका दुपारी मी जेवत असताना तो आला. मी त्याला आधी ओळखलंच नाही. शर्ट मळका, दाढी वाढलेली. दाराच्या आत उभा राहिला. बाईंच्या चेहऱ्यावर राग होता, मी पाहिला. मग त्या आत गेल्या, ताट घेऊन आल्या, समोरच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हात धू."

तो जेवू लागला. घाईघाईत, मोठे घास घेऊन, मान वर न करता. कितीतरी दिवसांनी जेवत असावा. बाई बाजूला उभ्या राहून त्याच्याकडे न बघता वाढत होत्या. मी म्हटलं, "प्रेमलाबाई, हे कोणी पाहिलं तर?" त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवा."

आणि दीपमाला दारात आली.

तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. ती हसत होती. मला आठवतंय, कारण तिला हसताना मी कित्येक आठवड्यांत पाहिलं नव्हतं. दारातूनच म्हणाली, "मावशी, बाबा घरी आले." आणि एका दमात सांगत सुटली. तुरुंगाचे दरवाजे लोकांनी उघडले, एका कानाने ऐकू येत नाही त्यांना आता, पण चालतात, जेवतात, माझ्याशी फोनवर बोलले. उद्या पहाटे विमान आहे. जायच्या आधी तुमच्याकडे जेवायचं होतं. बाबांनाच सांगितलं मी तुमच्याबद्दल, ते म्हणाले, चूक कबूल करणारी माणसं फार नसतात, तू तिच्याकडे जेवून ये.

बाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्या तिच्याकडे निघाल्या, आणि त्या बाजूला झाल्यामुळे दीपमालाला मागे बसलेला अभय दिसला.

तिचं हसू गेलं. अभयचा हात ताटात होता तसाच थांबला.

"मावशी," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "याला उठवा. मी बसते."

मी बाईंकडे पाहिलं. एवढंच करायचं होतं. आमच्या सगळ्यांच्या मनात तेच होतं, अभयच्यासुद्धा. तो अर्धवट उठलाही. पण जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. सावकार दारात आला तरी घरचे त्याला सांगत, जेवतायत, बसा. बाईंचा हात आपोआप अभयच्या खांद्यावर गेला आणि तो खाली बसला.

"पाच मिनिटं थांब, बाई," त्या दीपमालाला म्हणाल्या. "तेवढं त्याचं होऊ दे. मग जाईन तो. मीच घालवते त्याले. पाच मिनिटं."

"माझे बाबा ज्या खोलीत होते तिथे जेवताना उठवायचे, मावशी," दीपमाला म्हणाली. "मारायला."

बाईंचा हात खांद्यावरून निघाला नाही. निघत नव्हता, असं म्हणायला हवं. त्या रडू लागल्या होत्या, "थांब ना बाई, थांब ना" म्हणत होत्या, पण हात तिथेच. दीपमालाने पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला, "काका, जाते मी," म्हणाली आणि गेली. मी उठून तिच्या मागे गेलो. माझ्या पायांना जेवढं जमतं तेवढं. केळकर रस्त्याला लागेपर्यंत ती रिक्षात बसली होती.

परत आलो तर अभय जेवत होता. बाई म्हणत होत्या, "संपव. टाकू नको काही." त्याने सगळं संपवलं, ताट धुऊन पालथं घातलं आणि बाईंच्या पाया पडायला वाकला. त्या दोन पावलं मागे सरकल्या. "इथं आता येऊ नको," म्हणाल्या. तो गेला. नंतर त्याचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि बाईंनी मला कधी विचारलेलं नाही.

बाई खुर्चीत बसल्या. माझं ताट अर्धं तसंच होतं, भात गार झाला होता. बाहेर पार्किंगमध्ये कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि तिचा तो बिपबिप आवाज बराच वेळ चालू होता.

"बापूराव," त्या म्हणाल्या, "उठवाले पाहिजे होतं का जी त्याले?"

अशा ठिकाणी मी अग्रलेखात 'काळच ठरवेल' असं लिहून जागा भरत असे. ते मला त्यांच्यासमोर म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "मला नाही सांगता येत."

"मले येते," त्या म्हणाल्या. "उठवाले पाहिजे होतं. पण ती उद्या पुन्हा आली, आणि तो पुन्हा जेवत असला, तर उद्या बी मले त्याले उठवता नाही येणार."

मग त्या उठल्या आणि माझा गार भात बदलून गरम आणायला आत गेल्या.